बारा गावचं पाणी प्यायलेला बास्केटबॉलपटू

प्रश्न असा आहे: "काही व्यावसायिक बास्केटबॉलपटू बारा-तेरा वर्षांत दहा-बारा संघ बदलतात. असा खेळाडू चांगला असेल तर त्याला कुणी ठेवून का घेत नाही? आणि चांगला नसेल तर दरवर्षी कुणीतरी नव्याने घेतं तरी का? असल्या कारकिर्दीत पैसा आणि संसार यांचं काय होतं?"

मी खेळाडूंचे करार पाहतो. मैदानावरचा माणूस नव्हे, कागदावरचा. सोळा वर्षं हे काम करतोय आणि ज्यांचे चेहरे जाहिरातींत झळकतात अशांची कागदपत्रं माझ्या टेबलावर क्वचितच आली. आली ती बेंचवरच्या अकराव्या, तेराव्या, पंधराव्या माणसाची. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देणं मला जमणार नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्रजीत अशा खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, सतत प्रवासात असतो म्हणून जर्नीमन. पण मुळाशी फ्रेंच 'जुर्ने' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ एक दिवस, दिवसभराचं काम. उमेदवारी संपवून हात बसलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला, दुसऱ्याकडे रोजावर काम करणारा कारागीर तो जर्नीमन. म्हणजे भटक्या नव्हे, रोजंदार. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण त्याला लागू पडते खरी, पण तो परिणाम झाला; कारण रोजंदारीत आहे.

विक्रमाची यादीच बघा. इश स्मिथ हा पॉइंट गार्ड २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, होता, पण साठपैकी एकाही निवडीत त्याचं नाव पुकारलं गेलं नाही. तरी तो एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, पोचला आणि २०२२मध्ये डेन्व्हर नगेट्सकडे गेला तेव्हा तो त्याचा तेरावा संघ होता. त्याआधीचा बारा संघांचा विक्रम चकी ब्राऊन, टोनी मॅसेनबर्ग, जिम जॅक्सन आणि जो स्मिथ यांच्या नावावर होता. यातले ब्राऊन आणि मॅसेनबर्ग दुसऱ्या फेरीत निवडले गेलेले. जिम जॅक्सन १९९२च्या ड्राफ्टमध्ये चौथा. आणि जो स्मिथ तर १९९५च्या ड्राफ्टमध्ये चक्क पहिला! म्हणजे त्या वर्षीचा सगळ्यात होनहार मुलगा आणि ज्याला कुणी विचारलंच नाही असा मुलगा, दोघेही फिरून फिरून एकाच यादीत आले. इश स्मिथला २०२३मध्ये डेन्व्हरबरोबर अजिंक्यपदाची अंगठीही मिळाली. ब्राऊनला १९९५मध्ये ह्यूस्टनकडून, मॅसेनबर्गला २००५मध्ये सॅन अँटोनियोकडून ती आधीच मिळाली होती. ज्यांना 'टिकले नाहीत' म्हणायचं त्यांच्या बोटांत अंगठ्या आहेत, आणि एकाच संघात वर्षानुवर्षं टिकलेल्या कितीतरी जणांच्या बोटांत नाहीत.

आता तुमचा पहिला प्रश्न: ठेवत का नाहीत?

एनबीएत ३० संघ. नियमित करारावर प्रत्येकी १५ खेळाडू, म्हणजे ४५० जागा. याशिवाय २०२३पासून प्रत्येक संघाला तीन 'टू-वे' करार देता येतात. त्यात खेळाडू थोडा मुख्य संघात आणि थोडा जी लीग या एनबीएच्याच दुय्यम लीगमधल्या जोडलेल्या संघात असतो, आणि पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा. या ४५०मधल्या पहिल्या दीड-दोनशे जणांबद्दल वाद नसतो. ते खेळाच्या जोरावर तिथे असतात. खरी गंमत त्यांच्या खाली आहे. संघातला तेरावा खेळाडू आणि त्याच दिवशी इस्तंबूल किंवा मनिलात सराव करणारा कुणी, या दोघांना पंधरा दिवस शेजारी-शेजारी खेळवलं तरी प्रशिक्षकाला छातीठोकपणे सांगता येणार नाही की सरस कोण. फरक इतका बारीक झाला की निवड खेळावर होतच नाही. ती तारखेवर होते, पगाराच्या कोष्टकावर होते, कुणाचा घोटा मुरगळला यावर होते, हातात कोणता पासपोर्ट आहे यावर होते.

हे ऐकून लोकांना वाटतं मी निराशेने बोलतोय. जानेवारी महिना कसा जातो ते सांगतो, म्हणजे पटेल. एनबीएतले बरेच करार हमी नसलेले असतात; खेळाडू संघात आहे तोवर दिवसाचा पगार, काढला की बंद. हे सगळे करार १० जानेवारीला उरलेल्या हंगामापुरते पक्के होतात. पण काढलेल्या खेळाडूला आधी ४८ तास 'वेव्हर्स'वर ठेवावं लागतं, म्हणजे दुसऱ्या कुणाला हवा असेल तर त्याने उचलावा. त्यामुळे ज्याला काढायचं त्याला प्रत्यक्षात ७ तारखेपर्यंत काढतात. आणि ५ जानेवारीपासून संघांना दहा-दहा दिवसांचे करार करायची मुभा मिळते. ५, ७ आणि १०. या तीन तारखांच्या मधे माझा फोन चार्जरवरून निघत नाही. एकाला काढल्याचा निरोप येतो आणि त्याच तासात दुसऱ्याला विमान पकडायला सांगावं लागतं. कधी कधी ती जागा पहिल्याचीच असते.

जेरेमी लिनची गोष्ट बहुतेकांना चमत्कार म्हणून माहीत आहे. तीच गोष्ट मला कॅलेंडर म्हणून दिसते. २०११-१२च्या हंगामात गोल्डन स्टेट आणि ह्यूस्टन या दोन संघांनी त्याला सोडलं होतं, न्यूयॉर्क निक्सने उचललं होतं आणि तो भावाच्या घरी कोचावर झोपत होता, कारण कराराची हमी नसताना घर भाड्याने घेणं शहाणपणाचं नव्हतं. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंच्या वादातून झालेल्या टाळेबंदीमुळे हंगाम उशिरा सुरू झाला होता, म्हणून करार पक्के होण्याची तारीख होती १० फेब्रुवारी. ४ फेब्रुवारीला न्यू जर्सी नेट्सविरुद्ध त्याला बेंचवरून उठवलं आणि त्याने २५ गुण केले. सहा दिवसांचं अंतर होतं. तो सामना आठवडाभर उशिरा आला असता तर लिन कदाचित दुसऱ्याच देशात दिसला असता, आणि खेळाडू मात्र तोच, तेवढाच चांगला असता.

दहा दिवसांचा करार म्हणजे तर अस्सल रोजंदारी. दहा दिवस किंवा तीन सामने, यातलं जे जास्त असेल ते. एका संघाशी असे दोनच करार करता येतात. तिसऱ्या वेळी एकतर उरलेल्या हंगामासाठी घ्या नाहीतर सोडा. २०२३-२४मध्ये नवख्या खेळाडूला दहा दिवसांचे सुमारे ६४ हजार डॉलर मिळत. आकडा मोठाच आहे. पण अकराव्या दिवशी हातात काय, हे त्यात लिहिलेलं नसतं. गॅरेट टेम्पल ड्राफ्टमध्ये कुणी न निवडलेला मुलगा. २०१०मध्ये असेच दहा-दहा दिवसांचे करार करत संघ फिरला, मधे एक हंगाम इटलीत खेळला, मग परत आला आणि पुढे वर्षानुवर्षं लीगमध्ये राहिला. खेळाडू संघटनेच्या उपाध्यक्षांमध्येही त्याचं नाव आलं. दहा दिवसांच्या मजुरीवर सुरू झालेला माणूस पुढे सगळ्यांच्या वतीने मालकांशी बोलायला बसला, याचं मला फार कौतुक वाटतं.

दुसरं कारण पगाराचं. किमान पगार अनुभवाच्या वर्षांनुसार वाढतो. २०२३-२४मध्ये नवख्याचा किमान पगार होता सुमारे ११ लाख २० हजार डॉलर आणि दहा वर्षं किंवा जास्त झालेल्याचा सुमारे ३२ लाख. मग कोणता व्यवस्थापक म्हातारा बाराव्या नंबरला ठेवेल? इथे एक जुनी, अतिशय हुशार तरतूद आहे. एका वर्षाच्या किमान पगारावर अनुभवी खेळाडू घेतला तर संघाच्या हिशोबात फक्त दोन वर्षांच्या अनुभवाचा पगार धरला जातो. त्या वर्षी तो सुमारे २० लाख २० हजार होता. वरचा फरक लीग भरते. म्हणून पस्तिशीतला खेळाडू पंचविशीतल्याच्या भावात मिळतो. पण अट वाचा: एका वर्षाचा करार. दोन वर्षांचा केला की सवलत गेली. आता सांगा, तो दरवर्षी संघ का बदलतो? ज्या नियमाने त्याला जिवंत ठेवलं, त्याच नियमाने त्याला दर जुलैमध्ये पुन्हा बाजारात उभं केलं. आणि हंगामात एक दिवस जरी नोंद झाली तरी कोष्टकात अनुभवाचं एक वर्ष वाढतं, हेही जाता जाता लक्षात ठेवा. त्या एका दिवसासाठी मी लोकांना रात्रीतून विमानात बसवलंय.

तिसरी गोष्ट अदलाबदलीची. लीगने ठरवलेली एकूण पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघाला एखादा मोठा खेळाडू घ्यायचा तर साधारण तेवढ्याच पगाराचे खेळाडू बदल्यात द्यावे लागतात. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायला मधल्या पगाराची माणसं लागतात, आणि ती माणसं म्हणजे हीच. कुणाला तो नको असतो म्हणून नव्हे, त्याचं वजन नेमकं जमतं म्हणून तो जातो. याचं टोकाचं उदाहरण कीथ व्हॅन हॉर्न. तो २००६नंतर खेळलाच नव्हता. फेब्रुवारी २००८मध्ये डॅलसला जेसन किडला आणायचं होतं आणि पगार जुळत नव्हते. म्हणून व्हॅन हॉर्नशी नवा करार करून त्याला न्यू जर्सीला पाठवलं. एक मिनिटही न खेळता त्याला सुमारे ४३ लाख डॉलर मिळाले. घरी बसलेल्या माणसाची अदलाबदल होऊ शकते, तर खेळणाऱ्याची होणारच.

आता दुसरा प्रश्न: मग घेतात तरी का?

प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक मला फोन करतो तेव्हा गुण किती करतो हे विचारत नाही. ते त्याने व्हिडिओत पाहिलेलं असतं. तो विचारतो, शेवटचा सामना कधी खेळला, आत्ता वजन किती आहे, आणि तीन आठवडे बेंचवर बसवला तर तोंड पाडून बसतो का. हा तिसरा प्रश्न सगळ्यात महागडा. बारावा खेळाडू सामन्यात चार मिनिटं असतो आणि कपडे बदलायच्या खोलीत, विमानात, सरावात चोवीस तास असतो. त्याच्या चेहऱ्यावरची नाराजी विशीतल्या दोन पोरांना लागली तर हंगाम नासतो.

पण नुसता गुणी स्वभावही पुरत नाही. या लोकांचं खरं कसब मी जवळून पाहिलंय आणि ते प्रेक्षकाला दिसत नाही. मंगळवारी पोचायचं, बुधवारी सकाळी चाळीस-पन्नास चाली कागदावर मिळणार, रात्री सामना. तीच चाल मागच्या संघात वेगळ्या नावाने होती, हाताची खूण वेगळी होती. चांगला रोजंदार नवी नावं पाठ करत बसत नाही. तो जुन्या चालींवर नवी लेबलं चिकटवतो. शिवाय स्वतःच्या जागेबरोबर इतर दोन-तीन जागांवरच्या माणसाने कुठे उभं राहायचं हेही त्याला ठाऊक असतं, कारण कुणाच्या जागी पाठवतील याचा नेम नाही. केव्हिन ऑली हा गार्ड तेरा हंगामांत अकरा-बारा संघांतून फिरला. शेवटी ओक्लाहोमा सिटीत त्याच्या हाताखाली कोवळी मुलं होती आणि त्यांतल्या केव्हिन ड्युरंटने पुढे त्या संघाची शिस्त घडवल्याचं श्रेय ऑलीला दिलं. निवृत्तीनंतर ऑली कनेक्टिकट विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला आणि २०१४मध्ये त्याच्या संघाने विद्यापीठांचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. इतक्या प्रशिक्षकांच्या हाताखाली कुणी शिकलेला असतो का दुसरा?

एवढा वेळ एनबीएबद्दलच बोललो, कारण प्रश्न विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तीच असते. पण या कारागिरांचा मोठा भाग बाहेरच असतो. जी लीगमध्ये २०२३-२४मध्ये हंगामाचा पगार सुमारे ४० हजार डॉलर होता. आंद्रे इंग्रॅम तिथे दहा हंगाम खेळला. भौतिकशास्त्रातला पदवीधर, हंगामाबाहेर मुलांना गणित शिकवून घर चालवायचा. एप्रिल २०१८मध्ये हंगामाचे दोन सामने उरलेले असताना एनबीएतल्या लेकर्स संघाने त्याला बोलावलं, आणि ३२व्या वर्षी पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध त्याने १९ गुण केले, पाचपैकी चार तिहेरी फेकी, म्हणजे लांबून टाकलेल्या तीन गुणांच्या फेकी, आत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात मात्र तेव्हाही हेच होतं की हा माणूस २०१८च्या एप्रिलात जसा खेळला तसाच २०१३मध्येही खेळत होता.

बहुतेक जण ४० हजारांवर दहा वर्षं काढू शकत नाहीत, मग ते परदेशी जातात. तुर्कस्तान, स्पेन, इटली, ग्रीस, इस्रायल, चीन, ऑस्ट्रेलिया, फिलिपिन्स. उन्हाळ्यात पोर्तो रिको. हिवाळ्यात चीन आणि वसंतात पोर्तो रिको असं वर्षातून दोन बिऱ्हाडं करणारेही आहेत. पी. जे. टकर २००६मध्ये टोरोंटोकडे दुसऱ्या फेरीत निवडला गेला, १७ सामने खेळला, आणि पाच वर्षं इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, पोर्तो रिको, जर्मनी असा फिरला. इस्रायलमध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. २०१२मध्ये फिनिक्सने परत आणलं तेव्हा तो गुण करणारा खेळाडू राहिला नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वोत्तम खेळाडूला अडवणं आणि कोपऱ्यातून तिहेरी फेकणं एवढंच त्याने हातात ठेवलं. २०२१मध्ये मिलवॉकीबरोबर तो अजिंक्य ठरला, ३६व्या वर्षी. सगळं येणाऱ्याला बेंचवर जागा मिळत नाही, एकच गोष्ट नेमाने करणाऱ्याला मिळते, हे तो युरोपात शिकून आला असं माझं मत आहे.

युरोपात गेलेला अमेरिकन मुलगा पहिले दोन महिने चाचपडतो. सामना ४८ऐवजी ४० मिनिटांचा. सहाऐवजी पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. तिहेरी रेषा समोरून ७.२४ मीटरऐवजी ६.७५. एनबीएत बचाव करणाऱ्याला कुणाला न अडवता बास्केटसमोरच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. बाहेर हा नियम नाही, त्यामुळे उंच माणूस बास्केटखाली ठाण मांडून बसतो आणि आत घुसायला जागाच उरत नाही. शिवाय आठवड्याला एक-दोन सामने आणि रोज दोन वेळा सराव. सामने कमी म्हणून प्रत्येक सामना जड. दोन वाईट रविवार झाले की 'परदेशी' बदलायची चर्चा सुरू होते, कारण परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात.

इथेच पासपोर्ट येतो. १५ डिसेंबर १९९५चा बॉसमन निकाल फुटबॉलपटूच्या खटल्यात लागला, पण युरोपियन युनियनमधल्या देशांच्या नागरिक खेळाडूंवरची बंधनं त्याने बास्केटबॉलमध्येही मोडली. तेव्हापासून अमेरिकन पासपोर्टाबरोबर एखादा युरोपीय पासपोर्ट असला तर भाव वाढतो. परदेश्याची जागा न अडवता परदेशी मिळतो. मी आज्या-पणज्यांचे जन्मदाखले शोधत नोंदणी कार्यालयांना पत्रं लिहिली आहेत. बास्केटबॉलचा करार करणाऱ्या माणसाने चर्चच्या जुन्या वह्या चाळाव्यात हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

राष्ट्रीय संघाचंही तसंच. जागतिक महासंघ एका संघात एकच नागरिकत्व घेतलेला खेळाडू चालवतो. रशियाने २००७ची युरोपीय स्पर्धा स्पेनला माद्रिदमध्ये ६०-५९ने हरवून जिंकली; निर्णायक बास्केट जे. आर. होल्डनचा, पिट्सबर्गच्या पोराचा. जस्टिन ब्राऊनलीची कहाणी मला त्याहून जवळची वाटते. एनबीएत तो कधी स्थिरावला नाही. २०१६मध्ये फिलिपिन्सच्या बारंगाय जिनेब्रा संघाने दुसऱ्या एका परदेशी खेळाडूच्या जागी बदली म्हणून त्याला बोलावलं. फिलिपिन्सच्या लीगमध्ये परदेशी खेळाडू एका स्पर्धेपुरता घेतात, त्याच्या उंचीवरही काही स्पर्धांत मर्यादा असते. म्हणजे तात्पुरत्याचा बदली तात्पुरता. तो जिनेब्राला सहा विजेतेपदं मिळवून देऊन तिथलाच झाला. जानेवारी २०२३मध्ये खास कायदा करून त्याला नागरिकत्व दिलं आणि त्याच वर्षी हांगझाऊ आशियाई खेळांत फिलिपिन्सने सुवर्ण जिंकलं, १९६२नंतर पहिल्यांदा. उपांत्य सामन्यात चीनला चीनमध्ये हरवताना शेवटच्या फेकी त्याच्याच होत्या.

आता पैसा. युरोपातल्या करारात आकडा सहसा कर वगळून हातात येणारा असतो. त्यावर फ्लॅट, गाडी, विमानाची तिकिटं. ऐकायला झकास. पण करार असतो दहा महिन्यांचा, आणि खेळाडू बारा महिने जेवतो. प्रतिनिधीचं कमिशन एनबीएत जास्तीत जास्त चार टक्के. युरोपात दहा टक्क्यांच्या आसपास, ते बऱ्याचदा क्लब भरतो. अमेरिकेत जिथे जिथे सामना खेळला त्यातल्या बहुतेक राज्यांना तिथल्या दिवसांपुरता कर द्यावा लागतो. हंगामात दोनदा संघ बदललेल्या खेळाडूचं कर-विवरणपत्र मी एकदा हातात धरलं होतं. पाकीट नव्हतंच ते, पार्सल होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे पगार न येणं. मोठ्या क्लबांत हे होत नाही, खालच्या लीगमध्ये होतं. माझा एक सेंटर अशाच एका क्लबकडे होता, नाव सांगत नाही. नोव्हेंबरचा पगार नाही, डिसेंबरचा नाही, जानेवारीत फ्लॅटची हीटिंग बंद पडली आणि गाडी 'सर्व्हिसिंगला' नेली ती परत आलीच नाही. व्यवस्थापक रोज म्हणायचा, उद्या. पोराचा खेळ मात्र त्या हंगामात सर्वोत्तम चालला होता, म्हणून तो निघेना. माझं ऐकून त्याने एक गोष्ट केली: सराव एकही चुकवला नाही आणि थकलेल्या प्रत्येक हप्त्याची लेखी मागणी केली. रागाने सामान भरून निघून गेला असता तर करार त्यानेच मोडला असं झालं असतं. पुढे जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे गेलो. हा लवाद २००७पासून आहे. कोणत्या एका देशाच्या कायद्याला बांधलेला नाही, न्याय्य काय ते पाहून निर्णय देतो, आणि क्लबने निर्णय पाळला नाही तर त्याची नव्या खेळाडूंची नोंदणी अडवता येते. त्या बंदीची भीती होती म्हणूनच पैसे आले, हप्त्याहप्त्याने, वर्षभर उशिरा. पण लवादाचं कलम करारात असेल तरच हे दार उघडतं. कलम नसलेला करार घेऊन कुणी आलं की मी आधी ते घालून घेतो, मग पगाराचा आकडा वाचतो.

दुसरं कलम वैद्यकीय तपासणीचं. बहुतेक करार 'तपासणीत पास झाल्यास' लागू होतात. मी तिथे लिहून घेतो की पोचल्यापासून ७२ तासांत तपासणी व्हावी. न झाल्यास पास धरावं. हे एका ठेचेनंतर शिकलो. एका क्लबने तीन आठवडे तपासणी पुढे ढकलली, तोवर सरावाचे दोन सामने खेळवले, खेळ आवडला नाही आणि मग गुडघ्यात दोष सापडला. तो गुडघा त्यानंतर चार हंगाम चालला.

एनबीएत तीन वर्षांची नोंद झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. दोनच वर्षांची नोंद असलेले लोक त्या उरलेल्या तुकड्यासाठी कुठल्या कुठे जातात, ते लोभाने नव्हे.

संसाराबद्दल मला जे दिसलं तेवढंच सांगतो. लग्न झालेल्या रोजंदारांत दोन प्रकार. काहींची बायको-मुलं एका जागी राहतात आणि तो येऊन-जाऊन. काही सगळं कुटुंब बरोबर घेऊन फिरतात. पहिल्यांत मुलं बापाला ओळखीच्या पाहुण्यासारखं वागवतात, दुसऱ्यांत मुलांना चार भाषांत मोजता येतं आणि एकही मित्र दोन वर्षांहून जुना नसतो. यातलं बरं कोणतं हे मला ठरवता आलेलं नाही. मी फक्त व्यवहाराचं सांगतो: वर्षाचं घरभाडं एकदम देऊ नकोस, सोफा विकत घेऊ नकोस, मुलांच्या शाळेची फी महिन्याच्या हप्त्याने भर. हे शेवटचं वाक्य मी इतक्यांदा बोललोय की काही खेळाडूंच्या बायका माझी नक्कल करतात.

निवृत्तीचं म्हणाल तर मोठे खेळाडू निवृत्ती जाहीर करतात, यांच्या बाबतीत फोन यायचा थांबतो. जुलैत येत नाही, तेव्हा वाटतं बाजार उशिरा सुरू झालाय. ऑगस्टमध्ये येत नाही, तेव्हा वाटतं सराव शिबिरात कुणी जायबंदी होईल. दुसऱ्याच्या दुखापतीची वाट बघणं कुणाला आवडत नाही, पण सगळे बघतात. माझा एक फॉरवर्ड, सात देश, चौदा क्लब, वय ३६. त्या उन्हाळ्यात तो रोज सकाळी सहाला पळायला जायचा आणि फोन दंडाला बांधून न्यायचा. मी पाच-सहा क्लबांना विचारलं होतं; दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं, बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही. मी त्याला काही सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा फोन आला. क्लबबद्दल एक शब्द नाही. म्हणाला, "मुलीची शाळा विचारतेय, वर्षाची फी एकदम भरली तर सवलत आहे. भरू का?"

मी म्हटलं, भर.